इझ्चाकचं दिव्यांचं दुकान

‘नेटहॅक’ नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. त्यात भुयारांतून मजल्यामागून मजला खाली उतरत जायचं असतं. सुरुवातीच्या दोन-चार मजल्यांत कुठे तरी एक आडवाट बुटक्यांच्या खाणींकडे फुटते. त्या वाटेनं आणखी काही मजले उतरलं, की अंधारात एकदम गाव लागतं. देऊळ, पहारेकरी, थोडीशी दुकानं. त्यातलं एक दुकान दिव्यांचं आहे. दिवे आणि मेणबत्त्या, एवढाच माल. दुकानदाराचं नाव इझ्चाक.

या खेळात चित्रं जवळजवळ नाहीतच. आपण स्वतः म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात येतं ते ‘ॲट’ चिन्ह. कुत्रा म्हणजे रोमन लिपीतला धाकटा ‘डी’ आणि ड्रॅगन म्हणजे थोरला ‘डी’. बाकीचं ज्यानं त्यानं मनात रंगवायचं. भुयारं दर खेपेला नव्यानं रचली जातात. दुकानं वेगळी, माल वेगळा, दुकानदारांची नावंही यादीतून चिठ्ठी काढावी तशी पडतात. या गावातल्या दिव्यांच्या दुकानाचं मात्र तसं नाही. तिथे गादीवर बसतो तो इझ्चाकच. खेळाच्या अखेरीस शेवटच्या तळात उतरण्यासाठी सात मेणबत्त्या लावाव्या लागतात, आणि बहुतेक खेळाडू त्या याच दुकानातून घेतात. म्हणजे जगभरात जे कोणी हा खेळ तडीस नेतात, ते बहुतेक सगळे कधी ना कधी इझ्चाकच्या उंबऱ्यावर उभे राहिलेले असतात.

हा इझ्चाक खरा होता. डॉ. इझ्चाक मिलर. इझ्चाक हे हिब्रू नाव. इंग्रजीत त्याचंच आयझॅक होतं. ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारातलं ज्ञानेंद्रियांचं आणि कालाच्या जाणिवेचं स्थान, या विषयावर त्यांचा १९८४ साली आलेला ग्रंथ आहे. हाच गृहस्थ फावल्या वेळात ‘नेटहॅक’ घडवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक होता. १९९४ मध्ये ते कर्करोगानं गेले. खेळाची पुढची मोठी आवृत्ती, ३.२, एप्रिल १९९६ मध्ये निघाली ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली होती. खेळाच्या संहितेत दुकानदारांना नावं देणारा जो भाग आहे, त्यात आजही या एका दुकानासाठी वेगळा अपवाद लिहिलेला दिसतो: खाणीतलं गाव असेल आणि दुकान दिव्यांचं असेल, तर नाव इझ्चाक. मी तो भाग स्वतः वाचला आहे. कोणालाही वाचता येतो.

‘कोणालाही वाचता येतो’ या तीन शब्दांचा इतिहास सांगणं, हा या लेखाचा हेतू.

त्याआधी मी या वाटेला कसा लागलो ते सांगायला हवं. १९९२ साली चिपळूणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आणि माझा एक मित्र शिकवायला होतो. शिकवायला म्हणजे, आम्ही सकाळी जे वाचायचो ते संध्याकाळी मुलांना सांगायचो. तिथे कोणी तरी मुंबईहून आणलेल्या फ्लॉपीवर ‘हॅक’ होता, ‘नेटहॅक’चा पूर्वज. तो खेळून आम्हा दोघांना वेड लागलं, आणि त्या वेडात आम्ही वाघबकरीचा खेळ संगणकावर लिहिला. पट आणि बकऱ्या मी लिहिल्या. वाघ मित्रानं. वाघानं कधी उडी मारायची, कधी दबा धरून बसायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातून आलेलं. क्लासच्या मालकांनी तो प्रोग्रॅम क्लासच्या नावानं शाळांना दाखवला, एक-दोन ठिकाणी विकलाही. पडद्यावर नाव क्लासचं. आमचं नाही. १९९४ मध्ये मी क्लास सोडला तेव्हा मूळ संहितेची, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात त्याची, एक प्रत मागितली. मालक म्हणाले, “अहो, ती क्लासची मालमत्ता आहे. अशी कशी देणार?” त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं.

या विषयाच्या इतिहासात शिरल्यावर मला दिसलं, की तो सगळाच असा मागण्यांचा आणि देण्या-न देण्याचा इतिहास आहे.

* * *

सुरुवात विल क्राउदर यांच्यापासून करू. अमेरिकेतल्या ज्या कंपनीनं आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेलं ‘अर्पानेट’ उभं केलं, त्या बीबीएनमध्ये ते प्रोग्रॅमर होते. छंद गुहांचा. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अफाट गुहेच्या मोजणीत ते पत्नीसह सहभागी होते. पुढे घटस्फोट झाला. दोन मुली होत्या, त्यांच्याशी जोडणारं काही तरी असावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी एक खेळ लिहिला. संगणक सांगणार, ‘तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात’, आणि आपण एक-दोन शब्दांत सांगायचं, ‘पूर्वेला जा’, ‘दिवा घे’. हा ‘ॲडव्हेंचर’ किंवा ‘कलोसल केव्ह’. त्यातली गुहा बऱ्याच अंशी खरी, केंटकीतलीच.

खेळ लिहून क्राउदर विसरले. त्याची एक प्रत फिरत फिरत कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला पोहोचली आणि डॉन वुड्स नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती लागली. त्याला त्यात भर घालायची होती. त्यासाठी मूळ संहिता हवी. क्राउदर नेमके कुठे आहेत हे ठाऊक नाही. तेव्हा वुड्सनं काय करावं? नेटवर्कवर जेवढे संगणक होते त्या प्रत्येकावर ‘क्राउदर’ या नावानं पत्र धाडलं. आज हे कोणी करू गेलं तर वेड्यात काढतील. तेव्हा संगणक मोजकेच होते. एका ठिकाणाहून उत्तर आलं. क्राउदरनी संहिता दिली. १९७७ मध्ये वुड्सची वाढवलेली आवृत्ती तयार झाली आणि ती पाहता पाहता देशभरच्या संगणकांवर पसरली.

अशी एका पत्रावर मिळालेली ही देणगी. लिखापढी नाही, परवाना नाही, अट नाही.

* * *

‘ॲडव्हेंचर’च्या नादी लागलेल्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतले दोन विद्यार्थी होते, मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन. त्यांची तक्रार रास्त होती. गुहा एकदा सुटली की संपली. दुसऱ्यांदा तीच वाट, तीच कोडी. तेव्हा संगणकानंच दर वेळी नवं भुयार रचलं तर? म्हणजे खेळ लिहिणाऱ्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसेल. याच सुमारास बर्कलीला केन अर्नोल्ड यांनी ‘कर्सिस’ नावाची सोय लिहिली होती. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवता येईल, अशी. तोवर पडदा म्हणजे टंकलेखन यंत्राचा कागदच. ओळीखाली ओळ येत राहायची. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि १९८० च्या आसपास जन्मला तो खेळ म्हणजे ‘रोग’. इंग्रजीत याचा अर्थ भामटा, उनाड. देवनागरीत लिहिलं की आपल्याला भलतंच वाटतं, पण विद्यापीठांतल्या पोरांची जी अवस्था झाली ती पाहता देवनागरीच बरोबर म्हणावी लागेल.

टॉय पुढे बर्कलीला गेले आणि अर्नोल्डही कामात सामील झाले. बर्कलीहून निघणारी युनिक्स प्रणाली तेव्हा विद्यापीठाविद्यापीठांत जात होती. १९८३ च्या तिच्या ४.२ आवृत्तीबरोबर ‘रोग’ही सगळीकडे गेला. पण गेला तो फक्त यंत्राला कळेल अशा रूपात. खेळता येईल, पण आत काय लिहिलं आहे ते वाचता येणार नाही आणि बदलता तर मुळीच येणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी याच काळात ‘रोग’ स्वतःहून खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘रोग-ओ-मॅटिक’. पडद्यावर उमटणारी अक्षरं बाहेरून वाचून तो आपली चाल ठरवायचा.

आणि आता दुसरं मागणं. मॅसॅच्युसेट्स राज्यात लिंकन-सडबरी नावाची एक माध्यमिक शाळा आहे. तिथे ब्रायन हार्वी नावाचे शिक्षक संगणक विभाग पाहत. संगणकाची खोली मुलांच्या भरवशावर सोडावी, शाळा सुटल्यानंतरही त्यांना तिथे काम करू द्यावं, अशा मताचे. (आमच्याकडे संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत थंड हवा आणि मालकांची नजर.) या शाळेतल्या जे फेन्लासन या मुलानं हार्वींबरोबर बर्कलीला गेला असताना ‘रोग’ पाहिला. तो हवासा वाटला. पुढे एका परिषदेत टॉय आणि अर्नोल्ड यांच्याकडे त्यानं संहिता मागितली. त्यांनी नाही म्हटलं.

मी या ‘नाही’चा बराच विचार केला आहे. टॉय-अर्नोल्ड यांना कंजूष ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही असं मला वाटतं. तीही विशीतली पोरंच. आपण लिहिलेलं आपलं आहे, कोणी उचलून बिघडवलं तर काय, ही भीती कोणत्याही लेखकाला असते. शिवाय खेळात पैसा आहे हे तोवर दिसू लागलं होतं. टॉय यांनी पुढे कंपनी काढली आणि एपिक्स या प्रकाशकाकडून ‘रोग’ विकायला आला. फारसा चालला नाही. १९८९ मध्ये एपिक्सनंच दिवाळखोरी जाहीर केली.

फेन्लासन मात्र नकार घेऊन घरी परतला आणि त्यानं भुयार रचण्याचं सगळं तंत्र स्वतःच्या डोक्यानं नव्यानं लिहून काढलं. शाळेतले तीन सोबती मदतीला होते: केनी वुडलँड, माइक थोम आणि जोनाथन पेन. नाव ठेवलं ‘हॅक’. साल १९८२. आणि मग त्यानं जे केलं ते त्याला मिळालेल्या वागणुकीच्या नेमकं उलट होतं. युसेनिक्स ही युनिक्स वापरणाऱ्यांची संघटना सभासदांना टेपवर प्रोग्रॅम वाटायची. तिला त्यानं ‘हॅक’ची संपूर्ण संहिता देऊन टाकली. अट एवढीच, की नावं काढू नका.

* * *

त्या एका देण्याचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ती संहिता समुद्र ओलांडून ॲमस्टरडॅमच्या गणित संशोधन केंद्रात पोहोचली. तिथले आंद्रिस ब्राउअर हे गणितज्ञ तिच्या प्रेमात पडले. त्यांनी ती इतकी बदलली की खेळच निराळा झाला, आणि डिसेंबर १९८४ मध्ये ‘युजनेट’वर, म्हणजे त्या काळच्या संगणकी चावडीवर, मांडली. तिथून डॉन नेलर यांनी ती साध्या पीसीवर आणली. कोणी अटारीवर नेली. आमच्या चिपळूणच्या फ्लॉपीवर जो ‘हॅक’ होता तो या पीसीच्या शाखेतला. मॅसॅच्युसेट्स, ॲमस्टरडॅम आणि मग चिपळूण, अशी ती दिंडी आहे हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक!

शाखा वाढल्या तसे पाठभेदही वाढले. एका प्रतीत जे भूत होतं ते दुसरीत नव्हतं. १९८७ मध्ये माइक स्टीफनसन यांनी या विखुरलेल्या प्रती एकत्र करून एक पाठ सिद्ध केला आणि त्याला ‘नेटहॅक’ नाव दिलं. ‘नेट’ एवढ्यासाठी, की हे काम नेटवर्कवरून चाललं होतं. इझ्चाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ हे त्यांचे सुरुवातीचे सहकारी. जुलै १९८९ मध्ये ३.० ही आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर आली एक छोटी फाइल: परवाना.

माझ्या मते या साऱ्या कथेतली ही सर्वांत महत्त्वाची फाइल. रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या ‘बायसन’ या साधनासाठी १९८८ मध्ये जो परवाना लिहिला होता, त्याच्या आधारे ती लिहिलेली आहे. स्टॉलमन यांचा प्रसिद्ध जीपीएल परवानाही १९८९ चाच. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा कायदा जेव्हा घडत होता, त्याच घटकेला एका खेळानं तो अंगाला लावून घेतला. अटी थोडक्यात अशा. हवी तितकी नक्कल करा, वाटा. बदल करा, पण कोणी आणि कोणत्या तारखेला बदल केला हे ठळक लिहा. पुढच्याला देताना संहितेसह द्या, आणि याच अटींवर द्या.

मराठी वाचकाला यातली मधली अट विशेष जवळची वाटावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करावी लागली ती कशामुळे? पोथी उतरवणाऱ्यांनी भक्तीपोटी आपल्या ओव्या आत घातल्या होत्या, आणि कोणत्या कोणाच्या याची खूण ठेवली नव्हती. नाथांचा उपाय सक्त होता: यापुढे कोणी भर घालू नये. ‘नेटहॅक’च्या परवान्याचा उपाय दुसरा आहे. भर खुशाल घाला, पण क्षेपकावर आपलं नाव आणि तारीख घाला. ग्रंथ ऋषितुल्य असेल तर नाथांचाच उपाय योग्य, यात मला शंका नाही. पण खेळ, आणि एकूणच प्रोग्रॅम, भर घातल्यावाचून जगत नाहीत. संगणक बदलतात, आणि न बदललेली संहिता नव्या यंत्रावर चालेनाशी होते.

‘रोग’चं नेमकं तेच झालं. बर्कलीच्या वारशातून आलेल्या ‘नेटबीएसडी’सारख्या प्रणालींत आज ‘रोग’ टंकलं तर जो खेळ उघडतो, तो टॉय-विचमन-अर्नोल्ड यांचा नाहीच. टिमोथी स्टोअर यांनी हुबेहूब नव्यानं लिहिलेली ती प्रतिकृती आहे. मूळ लेखकांनी पुष्कळ वर्षांनी आपली संहिता मुक्त परवान्याखाली खुली केली, हेही नोंदवायला हवं. पण तोवर त्यांच्याच घरात दुसरा बिऱ्हाड करून राहिला होता.

* * *

इथे एक गैरसमज दूर करणं भाग आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत आणि त्या भाषेतले लोक गेली चाळीस वर्षं त्याचा खुलासा करत बसले आहेत. आपल्याकडे सुदैवानं दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. मोबाइलवर आज हजारो खेळ फुकट मिळतात. त्यातला एखादा मुक्त असला तर असतो. आणि मुक्त खेळ विकताही येतो. त्याला परवान्याची आडकाठी नाही.

हा फरक शब्दांचा खेळ नव्हे. ‘मोरिया’ची कथा पाहा. ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनेके यांना ‘रोग’चं व्यसन होतं. दुसऱ्या विभागात नोकरी लागली, तिथल्या व्हॅक्स संगणकावर ‘रोग’ नव्हता, म्हणून त्यांनी १९८१ च्या सुमारास आपला ‘मोरिया’ लिहायला घेतला. त्यांनी संहिता दिली, उदारपणे दिली. जेम्स विल्सन यांनी १९८७ मध्ये ती ‘सी’ भाषेत आणली, आणि तिच्यावरून १९९० मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात ‘अँगबँड’ झाला. डझनांनी लोकांनी त्यात हात घातला. पण मुळात एक साधी ओळ होती: यावर नफा कमवू नये.

ऐकायला ही ओळ किती सात्त्विक वाटते! पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तशा सीडीचा विचार करा. मासिक विकत मिळतं. मग हा नफा की नव्हे? कोणी सांगावं! ‘डेबियन’ ही लिनक्स प्रणाली या बाबतीत सोवळी. तिनं ‘अँगबँड’ला ‘अमुक्त’ विभागात बसवलं. हा एका ओळीचा गुंता सोडवायला मूळ लेखक आणि मागाहून हात लावलेले सगळे शोधून काढावे लागले, कारण प्रत्येकाचा हक्क त्याच्या त्याच्या ओळींवर होता. कोणी नोकऱ्या बदललेल्या, कोणाचे पत्ते हरवलेले. कोनेके यांची संमती मिळाली. ज्यांचा भाग मोकळा होईना तो पुन्हा लिहावा लागला. २००८-०९ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर पंचवीसएक वर्षांनी, ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ जीपीएलखाली आले.

म्हणून कोणी मला विचारलं, असे खेळ शोधायचे कुठे आणि ओळखायचे कसे, तर मी सांगतो, डेबियनच्या ‘मेन’ या विभागात पाहा. तिथे खेळाचा प्रवेश होण्याआधी कोणी तरी चष्मा लावून परवाना वाचलेला असतो. त्यापलीकडे खेळाच्या पिशवीत ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपींग’ नावाची फाइल शोधायची आणि ती खरोखर वाचायची. आणखी एक फसगत असते. ‘डूम’ या विख्यात खेळाची संहिता डिसेंबर १९९७ मध्ये खुली झाली, १९९९ मध्ये जीपीएलखालीही आली. पण त्यातली चित्रं, आवाज, नकाशे कंपनीचेच राहिले. पालखी खुली, देव कुलपात. मग ‘फ्रीडूम’ या प्रकल्पातल्या लोकांनी ती चित्रं आणि नकाशेही नव्यानं केले. याउलट ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला लढाईचा खेळ पहिल्यापासून जीपीएलखाली आहे. ज्याला नुसती अक्षरं पाहून कंटाळा येईल त्यानं तिथून सुरुवात करावी.

* * *

परवान्याची खरी परीक्षा देणारा थकतो तेव्हा होते. डिसेंबर २००३ मध्ये ‘नेटहॅक’ची ३.४.३ ही आवृत्ती निघाली आणि मग बारा वर्षं नवी आवृत्ती आलीच नाही. दुसरा कोणताही खेळ एवढ्यात विस्मरणात गेला असता. पण संहिता सर्वांकडे होती. लोकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या, चुका दुरुस्त केल्या, नवे मजले बांधले, आणि परवान्यात सांगितल्याप्रमाणे नावं लिहीत गेले. डिसेंबर २०१५ मध्ये मूळ मंडळी ३.६.० घेऊन परतली, तेव्हा बाहेर झालेल्या कामापैकी काही त्यांनी आत घेतलं. ती आवृत्ती त्याच वर्षी वारलेले विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना अर्पण केलेली आहे. २०२१ मध्ये तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका मोठ्या परिषदेत यंत्रांनी ‘नेटहॅक’ खेळण्याची स्पर्धा झाली. शिकणाऱ्या न्यूरल यंत्रांपेक्षा माणसांनी हातानं नियम लिहिलेले प्रोग्रॅम सरस ठरले. ‘रोग-ओ-मॅटिक’वाल्यांना हे वाचून बरं वाटलं असेल.

आणि क्राउदर यांची ती पहिली, मुलींसाठी लिहिलेली संहिता? ती हरवलीच असं सगळे धरून चालले होते. डेनिस जर्झ नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी तिचा माग काढायचं ठरवलं. २००५ मध्ये स्टॅनफर्डला वुड्स यांच्या विद्यार्थीदशेतल्या खात्याच्या जुन्या साठवणीत ती सापडली, फोर्ट्रान भाषेतल्या सुमारे सातशे ओळी आणि त्यांची सामग्री. जर्झ स्वतः केंटकीच्या गुहेत उतरले, संहितेतली वर्णनं प्रत्यक्ष दगडांशी ताडून पाहिली, आणि २००७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. माझ्यासारख्या हौशी संशोधकाला असा निबंध वाचून हेवा वाटतो. एका पत्रावर संहिता दिली गेली नसती, तर शोधायला तिथे काहीच नसतं. २०१७ मध्ये क्राउदर आणि वुड्स यांच्या संमतीनं ‘ॲडव्हेंचर’ची १९९५ ची अखेरची आवृत्ती एरिक रेमंड यांनी मुक्त परवान्याखाली काढली. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तोंडी व्यवहाराची ही झालेली नोंदणी.

* * *

माझा मित्र २०११ मध्ये गेला. त्यानंतर काही महिन्यांनी जुन्या सामानात मला वाघबकरीची फ्लॉपी सापडली. कोकणातल्या हवेत फ्लॉपीला बुरशी येते, हिच्यावर होतीच. तरी पुण्याच्या एका ओळखीच्यानं ती पुसून वाचून दिली. आत चालणारा प्रोग्रॅम होता, संहिता नव्हती. जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या ‘डॉसबॉक्स’मध्ये तो उघडला (हेही मुक्त सॉफ्टवेअरच). हिरवा पट आला, वर क्लासचं नाव आलं, आणि मित्राचा वाघ आला. मी तीन डाव हरलो.

क्लासच्या मालकांना शोधून भेटलो. फार थकले होते. मी पुन्हा एकदा संहिता मागितली. ते म्हणाले, “तुम्ही तेव्हा मागितलीत ना, मला आठवतंय. पण ते सगळं कपाट २००५ च्या पुरात गेलं हो. तीन दिवस चिखल काढत होतो.” वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. मग म्हणाले, “तेव्हा दिली असती तर आज असती.” मी काय बोलणार? चहा घेतला आणि निघालो.

गेल्या दोन पावसाळ्यांत मी वाघबकरी नव्यानं लिहायला घेतली आहे. पहिल्या फाइलच्या माथ्यावर मित्राचं नाव घातलं, खाली माझं, त्याखाली जीपीएल. पट झाला आहे. बकऱ्या नीट चालतात. वाघासाठी मी जुना खेळ शेजारी उघडून ठेवतो, त्याची प्रत्येक चाल वहीत टिपतो आणि तसा नियम बसवू पाहतो. आतापर्यंत वहीची ऐंशी पानं भरली आहेत. एका विशिष्ट कोपऱ्यात बकरी समोर असूनही तो वाघ कधी कधी उडी मारत नाही, एक डाव थांबतो, आणि पुढच्या डावात दोन बकऱ्या घेतो. तो केव्हा थांबायचं हे कशावरून ठरवतो, ते अजून मला सापडलेलं नाही.